बँड मनगटावरच आहे तरी फोन पिन मागतोय: हा प्रॉब्लेम परत परत का येतो आणि नेमकं कुठे बघायचं

आईच्या बोटांचे ठसे फोनला ओळखूच येत नाहीत. कातडी झिजलीये, सेन्सर पाच वेळा थरथरतो आणि शेवटी पिन टाका म्हणतो, आणि पिन टाकायचा तर तिचं बोट स्थिर राहत नाही, तीनच्या जागी सहा दाबलं जातं की परत पहिल्यापासून. म्हणून तिच्या मनगटावर एक ब्लूटूथ बँड बांधला आणि फोनला सांगून ठेवलं की हा बँड जवळ असेल तोवर लॉक मागायचं नाही. पहिला दिवस छान गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी उठल्याउठल्या पिन. टाकला, मग दुपारपर्यंत बरं चाललं, मग परत पिन. बँड हातात, बँडला चार्जिंग आहे, वर ब्लूटूथच्या खुणेत कनेक्टेड दिसतंय, आणि तरीही.

त्याच सुमाराला माझ्या अॅपलच्या मॅक लॅपटॉपचंही सुरू झालं. मी घड्याळ घातलेलं असलं की तो आपोआप उघडतो, पासवर्ड लागत नाही, पण काही दिवस दिवसभर नीट उघडायचा आणि काही दिवस एकदाही नाही, नुसतं चक्र फिरायचं आणि पासवर्डची चौकट पुढे यायची. दोन्हीकडे मी एकच करत होते, पेअरिंग, म्हणजे दोन डिव्हाइसची ब्लूटूथवरची जोडणी, काढायचं, परत पेअर करायचं, रिस्टार्ट मारायचा. आणि गंमत अशी की ते दरवेळी "चालायचं". निदान काही तास तरी. त्यामुळेच मूळ कारण सापडायला मला जवळजवळ तीन आठवडे लागले.

म्हणून सगळ्यात आधी हेच सांगते. परत पेअर केल्यावर चालू झालं म्हणजे पेअरिंगच खराब होतं असं धरून बसू नका. नवीन पेअर करताना किंवा ट्रस्टेड डिव्हाइसच्या, म्हणजे फोन ज्यांच्यावर विश्वास ठेवतो त्यांच्या, यादीत बँड परत टाकताना तुम्ही पिन टाकता ना? रिस्टार्टनंतरही पहिल्यांदा पिन टाकावाच लागतो. बहुतेक वेळा काम त्या पिननेच केलेलं असतं. फोनला एकदा खरा पुरावा मिळाला की तो पुढचे काही तास बँडवर विश्वास ठेवतो, आणि आपल्याला वाटतं की पेअरिंग दुरुस्त झालं. पुढच्या वेळी अडलं की पेअरिंगला हात न लावता, बँड न काढता, रिस्टार्ट न करता, फक्त पिन टाकून फोन उघडा, स्क्रीन बंद करा, मिनिटभराने परत चालू करा. आता पिन न मागता उघडला तर पेअरिंग धडधाकट आहे आणि तुमचा शोध दुसरीकडे न्यायचाय. एवढी एक टेस्ट मी पहिल्याच दिवशी केली असती तर आईचे कितीतरी वैतागाचे तास वाचले असते.

दुसरी गोष्ट, तुमच्या डिव्हाइसने मुळात काय कबूल केलंय ते बघा. घड्याळाने लॉक उघडणं असं आपण एकाच नावाने म्हणतो पण आत तीन वेगळ्या वेगळ्या व्यवस्था आहेत आणि अर्ध्याहून जास्त गोंधळ इथेच होतो.

अँड्रॉइडमध्ये ही सोय २०१४ साली ५.० लॉलिपॉपबरोबर स्मार्ट लॉक म्हणून आली आणि तेव्हा ती खरोखर लॉक उघडायची, म्हणजे फोन लॉक झालेला असला आणि बँड जवळ आला की उघडा. २०१९ मध्ये अँड्रॉइड १० आलं तेव्हा हे बदललं. त्यानंतर बँड लॉक झालेला फोन उघडत नाही, तो फक्त आधीच उघडलेला फोन उघडा ठेवतो. म्हणूनच पुढे २०२३ मध्ये त्याचं नावही बदलून एक्स्टेंड अनलॉक केलं, आणि हे नाव खरंच जास्त बरोबर आहे. यात दोन अटी आहेत. चार तास फोनला हात लागला नाही की विश्वास संपतो आणि पिन लागतो. आणि मध्ये कधीही बँडचं कनेक्शन तुटलं की विश्वास तिथेच संपतो, मग दोन सेकंदांनी कनेक्शन परत जुळलं तरी लॉक उघडत नाही, कारण उघडण्याचा अधिकार बँडकडे राहिलेलाच नाही.

ही दुसरी अट नीट लक्षात घ्या, कारण "कनेक्टेड दिसतंय तरी पिन मागतोय" याचं उत्तर तिच्यात आहे. तुम्ही फोन हातात घेता तेव्हा कनेक्टेड दिसतं ते खरंच असतं, पण मधल्या वेळात कधीतरी ते तुटून परत जुळलेलं असतं आणि तुटल्याची खूण कुठेच राहत नाही. आता कनेक्शन आहे का हे बघून काही कळणार नाही, शेवटचा पिन टाकल्यापासून ते अखंड राहिलंय का हे शोधायचंय.

आईची रोज सकाळची तक्रार याने लगेच सुटली, म्हणजे कळली. रात्रभर फोन बाजूला पडलेला, चार तास केव्हाच उलटून गेले, सकाळी पिन मागणारच. तो बिघाड नाहीये. याला सेटिंगमध्ये उपाय नाही आणि जुन्या व्हिडिओंमध्ये जे दाखवतात की बँड जवळ नेला आणि फोन उघडला, ते जुन्या अँड्रॉइडचं आहे, ते बघून दिवस घालवू नका.

दुसरी व्यवस्था अॅपलची. इथे घड्याळ खरोखर उघडतं. मॅकसाठी हे २०१६ साली मॅकओएस सिएरापासून आहे आणि आयफोनसाठी एप्रिल २०२१ मध्ये आयओएस १४.५ आणि वॉचओएस ७.४ बरोबर आलं, लोकांच्या तोंडावर मास्क होते आणि फेस आयडीला अर्धाच चेहरा दिसत होता म्हणून. याच्या अटी पुढे सविस्तर लिहिते कारण त्या बऱ्याच आहेत.

तिसरी विंडोजची डायनॅमिक लॉक, २०१७ पासून विंडोज १० मध्ये आहे. ती पेअर केलेला फोन लांब गेला की कॉम्प्युटर लॉक करते, बस. परत आल्यावर उघडत नाही, उघडायला तुम्हाला पिन, बोट किंवा चेहराच लागतो. हिच्याकडून अनलॉकची वाट बघत असाल तर ते होणार नाही.

आता दुपारचं. सकाळी पिन टाकला, त्यानंतर चार तास काही झालेले नसायचे, आई फोन सारखा वापरते, तरी अकरा-बाराच्या आसपास हमखास पिन मागायचा. इथे मी शेवटी एक साधं काम केलं, वही घेतली. किती वाजता अडलं, त्याआधी शेवटचा पिन कधी टाकला होता, फोन कुठे होता, बँड कुठे होता, त्याआधी अर्धा तास काय चाललं होतं. दोन आठवडे लिहिलं. हे कंटाळवाणं वाटतं पण खरं सांगते, अधूनमधून येणाऱ्या प्रॉब्लेमला याच्याइतकं उपयोगी काहीच नाही, कारण आपल्याला आठवतं तेवढंच आपण जोडत बसतो आणि आठवतं ते बहुतेक वेळा फक्त शेवटचं. वहीत दोन गोष्टी स्पष्ट दिसल्या. एक, आई गच्चीत झाडांना पाणी घालायला जायची तेव्हा फोन आतल्या खोलीत चार्जिंगला असायचा, मध्ये दोन भिंती. दोन, काही दिवस ती कुठेच गेलेली नसायची, फोन शेजारीच, तरी अडायचं, आणि असे दिवस सगळे फोनची बॅटरी कमी झालेली असतानाचे होते.

पहिल्याचं कारण सरळ आहे, रेंज गेली, कनेक्शन तुटलं, विश्वास संपला. उपायही सरळ, फोन गच्चीच्या दाराजवळच्या शेल्फवर चार्ज करायचा.

दुसरं जास्त महत्त्वाचं आहे आणि मला वाटतं अँड्रॉइडवाल्या निम्म्या लोकांचा घोटाळा इथेच असतो. साध्या फिटनेस बँडचं कनेक्शन बऱ्याचदा फोन स्वतःहून धरून ठेवत नाही, बँडचं जे अॅप असतं ना, ते धरून ठेवतं. ते अॅप मागच्या मागे जिवंत आहे तोवर कनेक्शन जिवंत. बॅटरी सेव्हर लागला, किंवा फोनने हे अॅप फार वेळ उघडलेलं नाही म्हणून त्याला झोपवलं, की कनेक्शन गेलं. थोड्या वेळाने अॅप परत उठतं, बँड परत जुळतो, आपण बघतो तर सगळं हिरवं, आणि फोन मात्र पिन मागतोय. तर हे करा: सेटिंगमध्ये त्या अॅपच्या पानावर जाऊन बॅटरीच्या भागात त्याला अनरिस्ट्रिक्टेड करा, म्हणजे कसलंही बंधन नाही असं. फोनमध्ये ऑटोस्टार्ट नावाचं वेगळं सेटिंग असेल तर तेही चालू करा. अलीकडचे अॅप्स दिसतात त्या यादीत त्या अॅपला कुलपाची खूण लावता येत असेल तर लावा, आणि सगळे अॅप्स एकदम स्वाइप करून बंद करायची सवय असेल तर ती सोडा, मी आईच्या फोनमध्ये "साफसफाई" म्हणून हेच रोज रात्री करत होते.

परवानग्याही बघून घ्या. अँड्रॉइड १२ पासून ब्लूटूथसाठी जवळपासची डिव्हाइस अशी वेगळी परवानगी लागते, त्याआधी ब्लूटूथ स्कॅन करायला लोकेशनची परवानगी लागायची, त्यामुळे जुन्या फोनवर लोकेशन बंद केलं तरी बँड शोधणं बंद पडतं. आणि अँड्रॉइड ११ पासून बरेच महिने न उघडलेल्या अॅपच्या परवानग्या फोन आपणहून काढून घेऊ शकतो. बँडचं अॅप आपण एकदा सेटअप करून विसरतो, नेमकं तेच या नियमात सापडण्यासारखं. अॅपच्या पानावर सगळ्यात खाली वापरात नसेल तर परवानग्या काढ अशा अर्थाचं एक बटण असतं, ते बंद करा.

बँडमध्येही बघा. काही बँडना झोपेच्या वेळी ब्लूटूथ बंद करायची सोय असते, कोणी उत्साहाने चालू करून ठेवलेली असते.

आता लॅपटॉप. इथे वहीतून जे निघालं त्याची मी कल्पनाच केली नव्हती. ज्या दिवशी बाहेरची हार्ड डिस्क लावलेली त्या दिवशी अनलॉक नाही, नसेल त्या दिवशी सुरळीत. आधी मला वाटलं योगायोग असेल, म्हणून मुद्दाम तीन दिवस डिस्क लावून-काढून बघितलं, दरवेळी तेच.

कारण असं आहे. ब्लूटूथ चालतं २.४ गिगाहर्ट्झच्या रेडिओ लहरींच्या पट्ट्यात. यूएसबी ३.० ची केबल सेकंदाला ५ गिगाबिट वेगाने डेटा पाठवते तेव्हा तिच्यातून जो रेडिओ आवाज गळतो तो याच पट्ट्यावर पसरतो, इंटेलने २०१२ मध्येच यावर सविस्तर तांत्रिक पेपर काढलेला आहे. केबल किंवा हब (एका पोर्टची अनेक पोर्ट करणारी डबी) नीट झाकलेलं, म्हणजे शील्ड केलेलं नसेल आणि लॅपटॉपच्या अँटेनाच्या बाजूलाच लावलेलं असेल तर घड्याळाचा बारीक सिग्नल त्या आवाजात बुडतो. घड्याळ आधीच अगदी कमी ताकदीने बोलतं, बॅटरी वाचवायची असते त्याला. ब्लूटूथ मोठ्या हुशारीने गजबजलेले चॅनेल सोडून मोकळ्या चॅनेलवर उड्या मारतं, पण सगळाच पट्टा गढूळ झाला तर उडी मारणार कुठे?

मी तीन गोष्टी केल्या. डिस्क दुसऱ्या बाजूच्या पोर्टला लावली, जाड शील्डवाली चांगली केबल घेतली, आणि हब लॅपटॉपला चिकटवून न ठेवता हातभर लांब ठेवला. यातलं खरं काम कशाने केलं ते वेगवेगळं करून बघितलं तर लांब ठेवण्याने सगळ्यात जास्त फरक पडला. तुमच्याकडे वायरलेस माउसही त्याच वेळी अडखळत असेल, हेडफोन तुटक वाजत असतील तर ही जवळजवळ पक्की खूण समजा, कारण तेही त्याच पट्ट्यात असतात. गर्दीचं २.४ चं वाय-फायही त्रास देतं, ते ५ गिगाहर्ट्झवर नेता येत असेल तर न्या. आणि मायक्रोवेव्ह चालू असताना शेजारीच बसून टेस्ट करू नका, तोही २.४५ च्या आसपासच चालतो.

इथे थोडं अंतराबद्दल, कारण "घड्याळ तर लॅपटॉपपासून हातभरच आहे" असं आपण म्हणतो आणि मशीनला ते तसं दिसत नाही. नुसत्या ब्लूटूथवर चालणाऱ्या व्यवस्था अंतर मोजत नाहीत, त्या सिग्नल किती जोरात ऐकू येतोय ते बघतात, त्याला आरएसएसआय म्हणतात आणि तो डीबीएममध्ये मोजतात, उणे ५० म्हणजे जोरात, उणे ९० म्हणजे जेमतेम. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की सिग्नल ६ डेसिबलने घटतो, म्हणजे एक मीटरवर उणे ६० असेल तर दोन मीटरवर उणे ६६, चार मीटरवर उणे ७२. पण आपल्या शरीरात पाणी भरपूर आणि हा पट्टा पाण्यात चांगलाच शोषला जातो, त्यामुळे घड्याळाचा हात पाठीमागे गेला, मांडीखाली गेला, किंवा फोन उलट्या बाजूच्या मागच्या खिशात असला की एका जागी बसल्याबसल्या दहा-पंधरा डेसिबल सहज जातात. मशीनला वाटतं माणूस खोलीच्या पलीकडे गेला. नॉर्डिक कंपनीचं एनआरएफ कनेक्ट नावाचं फुकट अॅप आहे, त्यात बँडचा आकडा थेट बघता येतो, ते लावून हात इकडेतिकडे करून बघा, आकडा कसा नाचतो ते एकदा डोळ्यांनी बघितलं की बाकीचं आपोआप समजतं. बँड आधीच फोनला जोडलेला असेल तर कधीकधी स्कॅनमध्ये दिसत नाही, तेव्हा दुसऱ्या फोनवरून बघा.

तर घड्याळ कुठल्या हातात आणि फोन कुठल्या खिशात हे बदलून बघणं हा चांगला, फुकटचा उपाय आहे. लोक करत नाहीत.

अॅपलचं मॅक अनलॉक सिग्नलच्या जोरावर विसंबत नाही, ते वाय-फायवरून सिग्नलला जायला-यायला किती वेळ लागला ते मोजतं. म्हणून त्याला ब्लूटूथ आणि वाय-फाय दोन्ही चालू लागतात. जे लोक नेटची केबल लावून वाय-फाय बंद ठेवतात त्यांचं अनलॉक याच कारणाने बंद पडतं आणि ते ब्लूटूथ तपासत बसतात. बाकीच्या अटी: मॅक आणि घड्याळ एकाच अॅपल अकाउंटवर, त्यावर टू-फॅक्टर (पासवर्डशिवाय दुसरा कोडही मागणारी सोय) चालू, घड्याळाला पासकोड लावलेला, घड्याळ मनगटावर आणि उघडलेलं. मॅकवर इंटरनेट शेअरिंग किंवा स्क्रीन शेअरिंग चालू नको, हे फार जणांना माहीत नसतं, घरातल्या कोणाला कधीतरी स्क्रीन दाखवायला चालू केलेलं तसंच राहतं. आणि रिस्टार्टनंतर पहिला पासवर्ड हातानेच.

आयफोनच्या अटी तर अजून कडक आहेत, आणि तिथे "कधी चालतं कधी नाही" वाटतं त्याचं कारण अटींपैकी एखादी मोडलेली असते. घड्याळ घातल्यावर आणि उघडल्यावर आयफोन एकदा तरी दुसऱ्या पद्धतीने उघडलेला हवा. नाक-तोंड झाकलेलं आहे हे त्याला दिसायला हवं. अंतर दोन-तीन मीटरच्या आत हवं. गेल्या साडेसहा तासांत फोन एकदा तरी उघडलेला हवा. घड्याळ झोपेच्या मोडमध्ये नको, आणि घड्याळ घालणारा जागा आहे असं हालचालीवरून किंवा नुकत्याच केलेल्या अनलॉकवरून कळायला हवं, म्हणजे तुम्ही झोपलेले असताना दुसऱ्या कोणी फोन तोंडासमोर धरून उघडू नये. अजून एक, घड्याळाने फोन उघडला की मनगटावर थरथर होते आणि घड्याळात आयफोन लॉक करा असं बटण येतं. ते चुकून बाहीने किंवा बोटाने दाबलं गेलं तर फोन लॉक होतो आणि पुढच्या वेळी पासकोड मागतोच. अचानक मध्येच पासकोड आला तर हे आठवून बघा. २०२१ च्या सप्टेंबरमध्ये आयफोन १३ आले तेव्हा मात्र खरोखरच सॉफ्टवेअरची चूक होती, ती आयओएस १५.० मध्ये होती आणि १५.०.१ मध्ये दुरुस्त झाली, म्हणून अपडेट बाकी असेल तर आधी तेच करा.

घड्याळ मनगटावर आहे हे घड्याळाला कसं कळतं? मागचे दिवे आणि सेन्सर कातडीवर टेकलेले असतात त्यावरून. पट्टा सैल असला, सेन्सरच्या खाली गडद टॅटू असला, तर त्याला मधूनच वाटतं की काढून ठेवलं, आणि ते स्वतःच लॉक होतं. लॉक झालेलं घड्याळ दुसऱ्या कशालाच उघडत नाही. ओळखायचं कसं, तर ज्या क्षणी लॅपटॉप उघडला नाही त्याच क्षणी घड्याळाकडे बघा, तिथेही पासकोड मागत असेल तर लॅपटॉपचा काही दोष नाही, पट्टा एक भोक आवळा. बाहीच्या वरून घालू नका. आणि रिस्ट डिटेक्शन हे सेटिंग बंद असेल तर हे अनलॉक चालणारच नाही, बॅटरी वाचवायला म्हणून काही जण ते बंद करतात.

एवढं सगळं बघून झालं आणि तरी, पिन टाकल्यावर मिनिटभराचीही टेस्ट पास होत नसेल, तेव्हा मात्र पेअरिंगवर या. ब्लूटूथ लो एनर्जीवाली बरीच डिव्हाइस आपला पत्ता सारखा बदलत राहतात, साधारण दर १५ मिनिटांनी, कोणी आपला माग काढू नये म्हणून. पेअर करताना दोघांनी एकमेकांना एक गुप्त किल्ली दिलेली असते, तिच्यावरून फोन ओळखतो की हा नवा पत्ता त्याच बँडचा. बँड रीसेट झाला, दुसऱ्या फोनला जोडला, किंवा फोनचा बॅकअप नव्या फोनवर ओतला, की एका बाजूला जुनी किल्ली आणि दुसऱ्या बाजूला नवी. नाव यादीत दिसतं, पण ओळख पटत नाही. अशा वेळी एका बाजूने काढून भागत नाही, दोन्हीकडून काढा: फोनच्या ब्लूटूथ यादीतून, बँडच्या अॅपमधून, ट्रस्टेड डिव्हाइसच्या यादीतून, आणि बँडच्या स्वतःच्या मेनूतून. मग फोन रिस्टार्ट, मग नव्याने. जुना फोन कपाटात चालू पडला असेल तर त्याचं ब्लूटूथ बंद करा, तो बँडला ओढून घेत राहतो. मॅकवर याचा भाऊ म्हणजे की-चेनमध्ये, म्हणजे मॅकच्या पासवर्ड साठवायच्या जागेत, साचलेल्या ऑटो अनलॉक नावाच्या जुन्या नोंदी. घड्याळाचं अनलॉक सेटिंगमधून बंद करा, बॅकअप घ्या, की-चेन अॅक्सेसमध्ये अदृश्य नोंदी दाखवायला सांगून त्या नावाने शोधा, फक्त त्याच काढा, रिस्टार्ट करा आणि परत चालू करा. दुसऱ्या कुठल्या नोंदीला हात लावू नका, पासवर्ड जातात.

एक कळकळीची विनंती. हे चालत नाही म्हणून वैतागून पिनच काढून टाकू नका, किंवा चार आकडी सोपा पिन ठेवून बँडच्या भरवशावर राहू नका. आणि लॉकची रेंज वाढवून देणारी बाहेरची अॅप्स टाकू नका. ब्लूटूथची पोच काही डिव्हाइसमध्ये १०० मीटरपर्यंत जाऊ शकते, म्हणजे तुम्ही आतल्या खोलीत आणि बाहेर टेबलावर पडलेला फोन कोणाच्याही हाताला उघडा, अशी परिस्थिती आधीच असते. शिवाय सिग्नलचा जोर खोटा पाडता येतो. २०२२ च्या मे महिन्यात एनसीसी ग्रुप या सायबर सुरक्षा कंपनीच्या संशोधकांनी ब्लूटूथचा सिग्नल मध्ये दोन उपकरणं ठेवून पुढे पाठवला आणि टेस्लाची मॉडेल ३ गाडी उघडून दाखवली, मालकाचा फोन गाडीपासून लांब असताना. गाडीला वाटलं फोन शेजारीच आहे. वेळ मोजणाऱ्या पद्धतीला असं फसवणं अवघड जातं, कारण रेडिओ लहर एका नॅनोसेकंदात ३० सेंटिमीटर जाते आणि मध्ये कोणी आलं की उशीर होतोच. सप्टेंबर २०२४ मध्ये आलेल्या ब्लूटूथ ६.० मध्ये चॅनेल साउंडिंग म्हणून खरं अंतर मोजायची सोय त्यासाठीच दिलीये. नवीन घड्याळ घेताना मी तरी हे बघणार आहे. अँड्रॉइडने बँडला उघडायचा अधिकार काढून घेतला तेव्हा मला राग आला होता, पण आईचा फोन, त्यात तिची बँक, तिच्या औषधांच्या आठवणी, हे सगळं एका स्वस्त बँडच्या सिग्नलवर उघडं नसावं हे आता मलाही पटतं.

गर्दीत जाताना अँड्रॉइडमध्ये पॉवर बटण दाबून लॉकडाऊन करायची सोय आहे, त्याने बँड, बोट, चेहरा सगळं तात्पुरतं बंद होतं. मात्र हे कोणी चुकून दाबलं तरी पिन येतो, वहीत तेही एकदा सापडलं.

आईच्या फोनचं शेवटी असं बसवलं. बँडच्या अॅपला बॅटरीचं बंधन नाही, फोन गच्चीच्या दाराशी, बँड त्याच हाताला ज्या हाताने ती फोन धरते. सकाळचा पिन अटळ आहे म्हणून तो तिला सोपा जाईल असा केला, सोपा म्हणजे ओळखायला सोपा नव्हे, तर शेजारशेजारचे आकडे त्यात नाहीत, लांब लांबचे आहेत, म्हणजे बोट थोडं सरकलं तरी कुठलं दाबायचंय ते तिला कळतं. एक राहिलं होतं ते मागच्या आठवड्यात कळलं, सिस्टीम अपडेट रात्री आपोआप होऊन फोन रिस्टार्ट व्हायचा, आणि रिस्टार्टनंतर पहिला पिन पडेपर्यंत फोनला कॉन्टॅक्टची नावंसुद्धा वाचता येत नाहीत, त्यामुळे पहाटे मावशीचा फोन आला तेव्हा तिला नुसता नंबर दिसला आणि तिने उचललाच नाही. डेव्हलपर ऑप्शन्स नावाच्या, एरवी लपलेल्या सेटिंगमध्ये ऑटोमॅटिक सिस्टीम अपडेट्स म्हणून बटण असतं ते बंद केलं, आता अपडेट मी तिच्या शेजारी बसून दुपारी करते आणि पिन तीच टाकते.